शास्त्रशुद्ध लिपी आणि आमची 'मठ्ठ' मुले

ऐरोलीत सकाळी वर्तमानपत्र झटकले की आतून पत्रके गळून पडतात. मागच्या महिन्यात पडलेल्या एका पत्रकावर मेंदूचे दोन रंगांतले चित्र होते, अर्धा निळा आणि अर्धा केशरी. आपले मूल पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे की हाताने करून शिकणारे हे बोटांच्या ठशांवरून ओळखले जाईल आणि त्या प्रकारानुसार त्याला वाचायला शिकवले जाईल, असे खाली आश्वासन होते. शुल्क अर्थातच बारीक अक्षरांत. आम्ही ते पत्रक विभागात नेले आणि चहाबरोबर त्याची यथेच्छ टिंगल केली.

टिंगल सोपी होती. बोटांच्या ठशांचा वाचनाशी काही संबंध नाही. 'पाहणारे-ऐकणारे-करणारे' या वर्गवारीचे म्हणाल, तर हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा प्रकारांनुसार शिकवल्याने मुले अधिक शिकतात याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. पण चहा संपता संपता आमच्यातलेच एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "हे सगळे इंग्रजीवाल्यांचे रोग. आपली लिपी शास्त्रशुद्ध. जसे बोलतो तसे लिहितो. मराठी मूल वाचताना अडखळले तर ते मठ्ठ तरी असते, नाहीतर आळशी तरी." यावर कोणी हसले नाही. आम्हीही माना डोलावल्या. हा लेख त्या डोलावलेल्या मानांविरुद्ध आहे.

आधी एक कबुली. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्ष कलाशाखेत दिवा गावातला एक मुलगा होता. कवितेवर तो असा बोलायचा की आम्ही तास संपल्यावरही थांबून ऐकत असू. एकदा त्याला गद्य उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. 'स्वातंत्र्योत्तर' या शब्दाशी तो चार वेळा थांबला, पुढच्या ओळीत 'वैशिष्ट्यपूर्ण'शी पुन्हा थांबला. वर्ग हसला. आमच्यापैकी एकाने (नाव कशाला, आम्ही सगळेच त्यात आहोत) त्याला बालवाडीत जाऊन बसण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या सत्रात तो आला नाही. त्याच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढून पाहिल्या, तेव्हा दिसले की प्रत्येक पेपर त्याने अर्ध्यावर सोडला होता. लिहिलेले अर्धे चांगले होते, बाकीच्याला वेळ पुरला नव्हता. या वेळेचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही, कारण मराठीत एम. ए. होताना तो कोणी शिकवला नव्हता.

आम्ही भाषाविज्ञानाच्या पेपरात स्वनिम शिकवतो, रूपिम शिकवतो. मूल वाचायला कसे शिकते हे कुठेही शिकवत नाही. ते येतेच, असे गृहीत धरतो. मेंदूविज्ञानाने हेच गृहीतक मोडले आहे. बोलणे माणसाबरोबर फार पूर्वीपासून आहे. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचे. वाचनासाठी मेंदूत जन्मजात जागा राखून ठेवलेली नसते. स्तानिस्लास दहान आणि लोरां कोएन या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले की वाचणाऱ्याच्या मेंदूत डाव्या बाजूला, मागे-खाली, एक पट्टा अक्षरांना प्रतिसाद देऊ लागतो. जी यंत्रणा एरवी चेहरे आणि वस्तू ओळखण्यात गुंतलेली असते, तिचाच एक भाग शिकवण्यातून आणि सरावातून अक्षरांकडे वळतो आणि उच्चाराशी, अर्थाशी जोडला जातो. लखनौजवळच्या खेड्यांत तिशीच्या आसपासच्या निरक्षर माणसांना, त्यांत बहुतेक बायकाच होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले गेले. त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या मेंदूच्या प्रतिमांची तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली. बदल केवळ मेंदूच्या पृष्ठभागावर नव्हता, दृष्टीशी संबंधित खोलवरच्या भागांतही होता. आमच्याच लिपीने, आमच्या वर्गातल्या मुलाच्या आईच्या वयाच्या बाईचा मेंदू हलवला! आणि आम्ही अठरा वर्षांच्या मुलाला म्हणालो, तुझे आता काही होणार नाही.

मग मुले वेगवेगळी शिकतात याचा अर्थ काय? पत्रक म्हणते तसा प्रत्येकाचा रस्ता वेगळा नाही. अक्षर, ध्वनी आणि अर्थ यांची सांगड सगळ्यांनाच घालावी लागते. फरक पडतो तो किती वेळा, किती सावकाश आणि किती उघडपणे ही सांगड दाखवून द्यावी लागते यात. एखाद्याला दहा वेळा पुरते, एखाद्याला दोनशे वेळा. दोनशेवाल्याला मठ्ठ म्हणणे म्हणजे चष्मा लागलेल्याला आळशी म्हणणे होय.

आता 'शास्त्रशुद्ध' लिपीकडे वळू. देवनागरीची मांडणी सुंदर आहे यात वाद नाही. पण 'जसे बोलतो तसे लिहितो' हे विधान मराठीच्या प्राध्यापकाने करू नये. 'चहा' आणि 'चांगला' यांतला च एक नाही. 'जीव' आणि 'जागा' यांतला ज एक नाही. 'घर'मधल्या र मधला अ आपण लिहितो, उच्चारत नाही. 'संत', 'संप', 'संशय', 'संवाद' यांच्या डोक्यावर तोच एक टिंब चार वेगवेगळी कामे करतो. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाठ करायला लावून आम्ही पिढ्या रडवल्या आणि बोलताना तो भेद आम्हीही क्वचितच पाळतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात ही उलटापालट वाचनाला अडसर ठरताना दिसली. रफार तर पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. चौतीस व्यंजने धरली तर नुसत्या बाराखडीची रूपे चारशेहून अधिक होतात आणि जोडाक्षरे त्यापुढे उभीच असतात. इंग्रजी मुलाचा छळ स्पेलिंग करते. मराठी मुलापुढे अक्षरांचा डोंगर असतो. कन्नड मुलांवरच्या सोनाली नाग यांच्या कामातून दिसले की अशा लिप्यांत अक्षरज्ञान पहिलीत संपत नाही, ते प्राथमिक शाळेची अनेक वर्षे चालू राहते. आम्ही मात्र ते दिवाळीपर्यंत उरकतो.

'हा इंग्रजीचा रोग आहे' या समजुतीचे उत्तर २००१ सालीच मिळालेले आहे. एराल्दो पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या, वाचनदोष असलेल्या प्रौढांची तुलना केली. इटालियन लिपी उच्चाराशी प्रामाणिक असल्याने तिथल्या लोकांच्या चुका कमी होत्या, पण मेंदूच्या डाव्या बाजूच्या त्याच भागातली क्रिया तिघांतही मंद होती. सोप्या लिपीत हा दोष चुकीच्या रूपात फारसा दिसत नाही, मंदगतीच्या रूपात दिसतो. अर्धे सोडलेले पेपर आठवतात ना?

आणखी एक अभिमान इथे खाली ठेवायला हवा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील नंदिनी चटर्जी-सिंग यांच्या गटाने हिंदी-इंग्रजी द्वैभाषिक प्रौढांचा अभ्यास केला, त्यात देवनागरी वाचताना मेंदूच्या उजव्या बाजूचाही सहभाग दिसला. त्यावरून देवनागरीने मेंदूचा अधिक विकास होतो, अशी भाषणे ऐकण्याचे भाग्य आम्हाला मराठी भाषा दिनी लाभते. गड चढणाऱ्याचे दोन्ही पाय दुखतात म्हणून त्याला कोणी अधिक विकसित म्हणत नाही. मेंदूचे अधिक भाग कामाला लागतात याचा अर्थ काम अधिक आहे, एवढाच असू शकतो. गंमत अशी की त्याच केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी मुलांचा वाचनदोष तपासण्यासाठी 'डाली' नावाची चाचणी तयार केली, तिचा उल्लेख त्या भाषणांत कधी येत नाही.

हे सारे कोणाच्या वाट्याला येते, ते पाहा. महाराष्ट्राने १९९६ सालीच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. २००७ साली 'तारे जमीन पर' आला आणि घराघरांत शब्द पोहोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता स्वतंत्रपणे नोंदली गेली. पण प्रमाणपत्र मिळवण्यासाठी आधी कोणाला तरी शंका यावी लागते, मग रजा काढावी लागते, रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात. ऐरोलीत नॉलेज पार्कात काम करणारे आईबाप हे करू शकतात. त्यांचे मूल इंग्रजी माध्यमात असते आणि सवलतीत एक भाषा सोडता येते. कोणती सुटते हे सांगायला नको. पलीकडे पालिकेच्या शाळेतला मुलगा, घरी आगरी किंवा गोरमाटी बोलणारा, पुस्तकातल्या प्रमाण मराठीशी प्रथमच झुंजणारा. त्याचे अडखळणे मेंदूतले, भाषेतले की नुसत्या वाईट शिकवण्यातले, हे वेगळे करून पाहायला कोणी बसत नाही. म्हणजे एकाची मराठी सुटते आणि दुसऱ्याची शाळा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही पेढे वाटले होते, म्हणून हे अधिक बोचते.

'वाचन ही संस्कृती आहे, चेतापेशींचा हिशेब नव्हे' असे आमचे काही मित्र म्हणतील. मान्य. मेंदूची प्रतिमा पाहून सोमवारी वर्गात काय करायचे हे कळत नाही. ते वर्गातच कळते. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये वंचित वस्तीतल्या मुलांसोबत काम करताना पूर्ण मुळाक्षरे घोकवण्याचा हट्ट सोडला, थोडी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायला दिले. त्या भाषाविज्ञानाच्याच अभ्यासक. फलटणची मराठी हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. वाड्याच्या आदिवासी पट्ट्यात नीलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट'च्या सहभागाने मराठी वाचनाचा दीर्घ अभ्यास झाला, त्याच्या जोडीला कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नडचा. तिसरीच्या अखेरीसही अनेक मुले शब्दांशी झगडत होती, असे त्यातून पुढे आले. ही कामे मराठीत, मराठीवर झाली. आमच्या किती ग्रंथालयांत त्यांचे अहवाल आहेत?

गेल्या वर्षी भाषाविज्ञानाच्या पेपरात 'लिपी आणि वाचनप्रक्रिया' असा एक घटक घालावा, असे आम्ही अभ्यासक्रमाच्या बैठकीत सुचवले. "ते डी. एड. वाल्यांचे काम," असे उत्तर आले आणि विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय सुरू झाला. तो कवितेतल्या प्रतिमांविषयी होता. त्यावर चर्चा पाऊण तास रंगली. आम्हीही तीत हिरिरीने भाग घेतला. सूचना पुन्हा देणार आहोत, या वेळी लेखी. दिव्याच्या त्या मुलाचा शोध लागला आहे. तो सेक्टरांमधून पार्सले पोहोचवतो. पत्ते वाचायला वेळ लागतो म्हणून ते सकाळीच पाठ करून निघतो, असे त्याने आम्हाला सांगितले.