निमोचं घर आणि आपली ट्यूबलाइट

'फाइंडिंग निमो' 2003 साली आला, तेव्हापासून टँकमध्ये तो नारिंगी-पांढरा मासा अनेकांना हवा असतो. मग त्याचं घरही आलंच. सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल. (फूल कसलं, चांगला मांसाहारी प्राणी आहे तो!)

दुकानदार सांगतो, 'सगळे सेमच साहेब.' अजिबात नाही. निसर्गात निमोमंडळी जेमतेम दहाएक जातींतच राहतात. ओळखायचं तर आधी पाय बघा. दगडाच्या फटीत पाय आणि बोटांची टोकं फुगीर, तर बबल टिप. (टोकं कधीकधी साधी लांबही होतात, गंडू नका.) पाय वाळूत आणि आखूड बोटांचा गालिचा, तर कार्पेट. तो दोन फुटांपर्यंत पसरतो, वन-बीएचकेवाल्यांनी विसरा. आणि एकदम पांढराशुभ्र पीस दिसला तर प्लीज घेऊ नका. तो सुंदर नाही, उपाशी आहे.

कारण त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि मालकाला खाऊ घालतं. पांढरा पडला म्हणजे स्वयंपाकीच पळाला. साध्या ट्यूबलाइटवर हे किचन चालत नाही. रीफसाठीचा दणकट एलईडी हवा, रोज आठ-दहा तास. पण पहिले दोन-तीन आठवडे मंद ठेवून हळूहळू वाढवा.

उजेड पटला नाही तर स्वारी चालायला लागते. माझ्या बबल टिपने पहिल्याच आठवड्यात तीनदा जागा बदलली, पुण्यातला भाडेकरू परवडला! म्हणून पंपाच्या तोंडाला आधीच स्पंज लावा. निसर्गात कित्येक दशकं जगणारा हा जीव तिथे एका रात्रीत चिरडतो.