गाभण शेळीच्या डोळ्याला पाणी : दर वेळी दोष धुळीचाच नसतो

सूरजागडच्या डोंगरातले लोहखनिज घेऊन ट्रक धावू लागल्यापासून एटापल्ली, आलापल्ली परिसरातल्या रस्त्याकाठच्या गावांची धुळीबद्दलची तक्रार जुनी झाली आहे. ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मधला. उत्खननाने वेग घेतला तो २०२१ नंतर, आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाखांऐवजी १ कोटी टन खनिज काढण्यास पर्यावरण मंजुरी मिळाली. माणसांचा खोकला आणि पिकांवरची धूळ यांवर बोलले जाते. गोठ्यातल्या शेळीच्या डोळ्यांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आदिवासी घरात शेळी म्हणजे अडीअडचणीला मोडायची ठेव, आणि गाभण शेळी म्हणजे व्याजासकट ठेव.

धुळीने डोळे गळतात हे खरेच. खनिजाचे कण टणक असतात, पापणीखाली घासले जातात. अशा वेळी सहसा दोन्ही डोळ्यांतून पातळ पाणी येते, शेळी चारा खाते, रवंथ करते, अंगात ताप नसतो. एकाच डोळ्याला पाणी असेल तर आधी कुसळ शोधावे. पावसाळ्यानंतरच्या गवतात हा प्रकार नेहमीचा. उपाय साधा आहे : अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवावे आणि स्वच्छ सुती कापडाने डोळा धुवावा. डोळ्यात तंबाखूची पिंक टाकणे किंवा मीठ फुंकणे हे उपाय अजून केले जातात. त्याने बुबुळाला जखम होते आणि मग फूल पडते.

खरी अडचण पुढे आहे. ‘धुळीनेच झाले’ हे उत्तर इतके हाताशी असते की त्यामागे रोग लपतो. पीपीआर या शेळ्यामेंढ्यांच्या साथीच्या रोगाची सुरुवात ताप आणि डोळ्या-नाकातल्या पाण्यानेच होते. पुढे चिपडे घट्ट होतात, तोंडात फोड येतात, हगवण लागते, गाभण शेळ्या गाभडतात. क्लॅमिडिया गटातले जिवाणूही डोळे लाल करू शकतात आणि गर्भपातही घडवू शकतात. म्हणून थर्मामीटर हाताशी हवा. शेळीचे तापमान १०३ फॅरनहाइटच्या आसपास असणे नेहमीचे, पण १०४ च्या वर गेले किंवा कळपात दुसरीचेही डोळे आले, तर त्या शेळीला वेगळे बांधावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. पीपीआरची एक लस साधारण तीन वर्षे पुरते, आणि २०३० पर्यंत हा रोग देशातून संपवण्याचे उद्दिष्ट आहे.

औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब गाभण जनावराला घालू नयेत. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असते. बुबुळावर जखम असेल तर ते ती चिघळवते. स्टेरॉइडचे इंजेक्शन तर शेवटच्या महिन्यात शेळीला अकाली विण्यास लावू शकते. शेळी पाच महिन्यांची गाभण राहते. तो हिशेब घरातल्या बाईच्या बोटांवर असतो, डॉक्टरला तो आधी सांगावा.

डोळा धुताना खालची पापणी जरा ओढून आतला रंगही बघावा. लालसर गुलाबी असेल तर ठीक. पांढरट असेल तर पोटातले जंत रक्त पीत असण्याची शक्यता मोठी, आणि गाभण शेळीला ते फार जड जाते. तरी जंताची गोळी मनानेच देऊ नये, कारण अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात पिलाला अपाय करते.

शेळी गाभडलीच तर गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, खोल पुरावे. घरातल्या गरोदर बाईने तर त्या जागेपासून लांबच राहावे. क्लॅमिडिया आणि ब्रुसेला माणसालाही होतात, आणि पहिल्याने माणसाचाही गर्भ जाऊ शकतो.

खाणपट्ट्यातल्या हवेचे मोजमाप होते, तसे शेळ्यांचे डोळे आणि गर्भपात यांची गाववार नोंद व्हायला हवी, गाव खनिजाच्या रस्त्यापासून किती लांब आहे हेही त्यात लिहून. रस्त्याकाठी डोळे गळतात पण गर्भपात वाढलेले नाहीत, असे दिसले तर धुळीवर बोट ठेवता येईल. रस्त्यापासून दूरच्या पाड्यांतही शेळ्या गाभडत असतील, तर पाणी मारणाऱ्या टँकरआधी लस पोहोचवावी लागेल.