सॅचमोवरचा ठपका

जाझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग ऊर्फ सॅचमोचं नाव निघालं की कौतुकापाठोपाठ एक ठपकाही येतो: माणूस वाजवायचा अफाट, पण गोऱ्यांपुढे दात काढून हसायचा. हा ठपका परक्यांचा नाही. डिझी गिलेस्पी आणि माइल्स डेव्हिस या पुढच्या पिढीच्या कृष्णवर्णीय कलावंतांनी, तेही ट्रंपेटच वाजवणाऱ्यांनी, तो ठेवला. म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण तेवढ्यावरच या माणसाचा निकाल लावणं हा सरळसरळ अन्याय आहे.

1928 साली शिकागोत ध्वनिमुद्रित झालेलं 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकावं. सुरुवातीला साथ नाही, ठेका नाही. एकटा ट्रंपेट चढत जातो आणि काही सेकंदांत सगळा पल्ला फिरून खाली उतरतो. न्यू ऑर्लिन्सचं जाझ तोवर मुख्यतः सगळ्यांनी मिळून वाजवायचं संगीत होतं. एकट्या वादकाने पुढे होऊन आपलं म्हणणं मांडायचं, ही रीत सर्वांत जास्त रुजवली ती आर्मस्ट्राँगने. मुंबईच्या ताजमध्ये वाजवणारा गोव्याचा चिक चॉकलेट त्याच्याच वळणाचा. लोक चिकला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत आणि सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या 'अलबेला' चित्रपटात (1951) तो पडद्यावरही दिसतो.

ठपका ठेवणाऱ्यांकडे पुरावे होते, हे मान्य करायला हवं. 1949 साली न्यू ऑर्लिन्सच्या मार्दी ग्रा उत्सवात तो 'झुलू'चा राजा होऊन रंगवलेल्या तोंडाने मिरवला. झुलू हा कृष्णवर्णीयांचाच क्लब आणि तिथला राजा होणं हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न. तरीही त्या मिरवणुकीतलं त्याचं छायाचित्र बघवत नाही. मात्र ज्या प्रेक्षकाला काळा कलावंत हसरा असल्याशिवाय रंगमंचावर चालत नव्हता, त्या प्रेक्षकाला जाब कोणी विचारायचा?

सप्टेंबर 1957. लिटल रॉकच्या शाळेत 9 कृष्णवर्णीय मुलांना जाऊ न देण्यासाठी अर्कान्सॉच्या गव्हर्नरने सशस्त्र रक्षकदल उभं केलं होतं आणि अध्यक्ष आयझेनहॉवर गप्प होते. उत्तर डकोटातल्या ग्रँड फोर्क्सला कार्यक्रमासाठी आलेल्या आर्मस्ट्राँगला स्थानिक दैनिकाचा 21 वर्षांचा बातमीदार भेटला. अध्यक्षांच्या अंगात धमक नाही, असं आर्मस्ट्राँगने स्पष्ट सांगितलं, गव्हर्नरला छापता येणार नाहीत अशा शिव्या घातल्या आणि सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत दौरा करणार नाही, असंही जाहीर केलं. ही बातमी हाती आलेल्या वृत्तसंस्थेच्या संपादकाचा विश्वास बसेना. हसरा सॅचमो असं बोलेलच कसा! बातमीदार मजकूर घेऊन परत गेला. आर्मस्ट्राँगने तो वाचला, एक शब्दही काढू नका म्हणाला आणि त्या पिवळ्या कागदाच्या तळाशी सही ठोकली. दौऱ्याच्या व्यवस्थापकाने केलेली सारवासारवही त्याने धुडकावली. त्याच्यावर बहिष्काराची हाक आली, आणि टीका करणाऱ्यांत कृष्णवर्णीय कलावंतही होते. रोजीरोटी गोऱ्या श्रोत्यांच्या हाती असलेल्या माणसाने हे केलं, याची नोंद ठपक्याच्या शेजारीच व्हायला हवी.

दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 1956 साली लुइझियानाने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र कार्यक्रम करण्यावर बंदी आणली. आर्मस्ट्राँगच्या ताफ्यात दोन्ही वर्णांचे वादक होते. ताफा फोडून न्यू ऑर्लिन्सला, आपल्या गावी, वाजवण्यापेक्षा त्याने गावी न वाजवणं पत्करलं. 1964चा नागरी हक्क कायदा झाल्यानंतर, 1965मध्ये, त्याने न्यू ऑर्लिन्समध्ये पुन्हा कार्यक्रम केला. जन्मगावावर इतका जीव असलेल्या माणसाची ही 9 वर्षं. तो मोर्चांत चालला नाही, हे खरं. पण अलाबामातल्या सेल्मात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपल्यावर परदेश दौऱ्यावरही तो गप्प बसला नाही.

गिलेस्पीने पुढे आत्मचरित्रात आपलं मत बदललं: ज्याला आपण लाचारी समजलो, तो आपला आनंद कोणालाही हिरावू न देण्याचा हट्ट होता, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. माइल्स बदलला नाही. 1989च्या आत्मचरित्रात त्याने प्रेक्षकांपुढे हसण्याबद्दल आर्मस्ट्राँगबरोबर गिलेस्पीलाही धारेवर धरलं. पण ते दोघं दक्षिणेतले, आपण मिडवेस्टमधले आणि वेगळ्या वर्गातले, त्यामुळे गोऱ्यांकडे बघण्याची आपली नजर वेगळी, हेही त्याने तिथेच प्रामाणिकपणे मांडलं आहे. माइल्सचा दाखला देऊन आर्मस्ट्राँगला लाचार ठरवणारे ही कबुली मात्र वगळतात.