चामड्याला भूक लागत नाही

गेल्या जानेवारीत माझी कोल्हापुरी चामड्याची बॅग पांढरी पडली. बाड हॉम्बुर्गमधल्या आमच्या घरात बाहेरच्या भिंतीला लागून एक कपाट आहे. हिवाळ्यात ते चांगलंच गार पडतं. तिथून बॅग काढली तर अंगभर पांढरट साय! बुरशी समजून मी ती जवळजवळ टाकूनच देणार होते. पण ती बुरशी नव्हती. ते मीच चोळलेलं खोबरेल होतं.

खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठतं. थंडीत बाटली उन्हात ठेवायची वेळ तुमच्याही घरी आली असेल. "चामडं कोरडं पडलंय, थोडं खोबरेल चोळ," असं आईने पुण्याहून फोनवर सांगितलं आणि मी दोन वर्षं इमानेइतबारे चोळलं. माझा व्यवसाय प्रथिनांवर संशोधन करण्याचा, आणि आपली बॅग हेही एक प्रथिनच आहे हे तेवढं सुचलं नाही.

तुमचंही असंच चालू असेल तर तेलाची बाटली खाली ठेवा. माझ्या मते चांगल्या बॅगा दुर्लक्षापेक्षा लाडानेच जास्त खराब होतात. क्रीमच्या डब्यांवर चामड्याला 'पोषण' द्यायची भाषा असते, ती दिशाभूल करणारी आहे. चामडं जिवंत नाही. त्याला भूक नाही, तहान मात्र आहे म्हणता येईल.

चामडं म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं. तीन साखळ्यांचा पीळ ही कोलॅजेनची रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये मद्रासला मांडली. त्यासाठीचा नमुना कांगारूच्या शेपटीतला होता आणि तो मिळाला होता तिथल्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून. कातडं कमावताना टॅनिन किंवा क्रोमियमचे क्षार या तंतूंना एकमेकांशी बांधतात, म्हणून ते कुजत नाही. तंतू एकमेकांवर घसरावेत म्हणून लागणारी चरबी कारखान्यातच घातलेली असते. उरतं पाणी. चांगल्या चामड्याच्या वजनात साधारण १२ ते १६ टक्के पाणी असतं, आणि ते भोवतालच्या हवेप्रमाणे कमीजास्त होतं.

इथल्या हिवाळ्याचा हिशेब करून पाहा. बाहेर शून्य अंश आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. आपल्या श्वासाने, स्वयंपाकाने ती थोडी वाढते, इतकंच. बॅग कडक होते ती यामुळे. गेलेल्या पाण्याची जागा तेल भरून काढत नाही. ते तंतूंमध्ये साचतं, चामडं लिबलिबीत करतं, धूळ धरतं आणि थंडीत गोठून वर येतं. जवसाच्या तेलाची गोष्ट आणखी वाईट, कारण ते हवेत सुकून चक्क कडक होतं.

त्यामुळे बॅग पांढरी दिसली की आधी तो पांढरेपणा कसला ते पाहा. केस वाळवायचा ड्रायर कोमट करून लांबून फिरवा. साय विरघळून दिसेनाशी झाली तर ती चरबी. ओलसर फडक्याने गेली पण वाळल्यावर कडेने रेघ उमटली तर बहुधा मीठ. बर्फात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि आपण बॅग ट्रेनमध्ये पायाशी ठेवतो. लोकरीसारखी दिसते, वास येतो, ती बुरशी. हा मुंबई-कोकणातल्या पावसाळ्याचा आजार. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की तिचं फावतं, आणि बॅग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली असेल तर विचारूच नका. सुती पिशवीत ठेवा. भिजली तर आत कागद कोंबून सावलीत वाळवा, हीटरवर नको. झटपट वाळलेले तंतू एकमेकांना चिकटून बसतात. वर्षातून एखाद्या वेळी, तीही खरंच कोरडी वाटली तर, बोटभर क्रीम पातळ लावा. (पॉलियुरेथेनची 'व्हेगन' बॅग असेल तर क्रीमचा खर्चही वाचवा. तिचा थर हवेतल्या दमटपणाने हळूहळू तुटतोच.)

आमच्याकडून एस-बाननं फ्रँकफुर्टला जाऊन गाडी बदलली की 'ओफेनबाख लेडरमुझेउम' नावाचं स्टेशनच लागतं. ओफेनबाख हे चामड्याच्या वस्तूंचं जुनं गाव, आणि तिथलं चर्म संग्रहालय १९१७ चं. जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकांनाही एकेकाळी ग्रंथालयांत नियमाने तेल लावत. आता अनेक ठिकाणी ते बंद झालंय. भर असतो तो हवा आणि उजेड सांभाळण्यावर.

माझ्या बॅगेचं निदान मात्र कोल्हापुरात झालं. चप्पल लाइनमधल्या एका कारागीर काकांनी ती हातात घेतली, अंगठ्याने दाबली आणि म्हणाले, "ताई, लई त्याल पाजलंय की हिला." मला जे कळायला दोन वर्षं लागली, ते त्यांना दोन सेकंदांत. हा प्रश्न आधी त्यांनाच विचारायला हवा होता. पण आमच्या घरात असं कधी कुणाला सुचलंच नाही. ढोर समाजाने कातडं कमवायचं, चर्मकारांनी वस्तू करायच्या आणि आम्ही त्या दाराबाहेर काढून ठेवायच्या. वस्तू घरात आल्या, माहिती उंबऱ्याबाहेर राहिली. म्हणून आमच्याकडे चामड्याचं ज्ञान म्हणजे केसांना लावायचं तेल. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही अभिमानाने संदेश पुढे पाठवले. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कसं कमावतात, हे मात्र मला तिशीत इंग्रजी शोधनिबंधांतून कळलं.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पट्ट्याच्या रिव्हेटभोवती काळे डाग होते. मी ते मळ समजून दोन वर्षं घासत होते. रिव्हेट लोखंडी, चामडं हिरड्याचं, त्यात पावसाचं पाणी. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपल्याकडे पूर्वी करत, तीच रासायनिक क्रिया माझ्या बॅगेवर चालू होती. त्यांनी रिव्हेट काढून पितळी बसवली, पट्ट्याची सुटत आलेली शिवण मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा घातली. मुरलेलं तेल काढता येईल का, असं विचारलं तर हसले. ऱ्हाऊ दे म्हणाले, वापरता वापरता कमी होईल. काळे डाग जाणार नाहीत, हेही सांगितलं.