फरक कुठे गेला?

बँकेत लागलो तेव्हा खातेवह्या हाताने लिहायच्या. संध्याकाळी दहा पैशांचा फरक निघाला, तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. ‘फरक हवेत विरत नाही, कुठेतरी असतोच,’ असं आमचे हेडक्लार्क म्हणत. पंचगंगेच्या काठी गेलो की मला त्यांची आठवण येते.

कोल्हापूर वरच्या अंगाला, इचलकरंजी खाली. कोल्हापूरच्या जयंती नाल्याचं सांडपाणी अडवायचं, पंपाने उचलायचं आणि कसबा बावड्याच्या केंद्रात शुद्ध करायचं, अशी व्यवस्था आहे. केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर, दुधाळीच्या केंद्राची १७. आकडे भारदस्त आहेत, खोटेही नाहीत. पण पंपाची वीज गेली, धो धो पाऊस झाला, किंवा एखाद्या वसाहतीचं गटार मुख्य वाहिनीला जोडलेलंच नसलं, तर तो मैला केंद्राचं तोंडही पाहत नाही. नाल्यातून सरळ नदीत उतरतो. हाच तो फरक.

महापालिका केंद्रांची क्षमता दाखवते. मधल्या ग्रामपंचायती विचारतात, आम्ही केंद्र बांधायला पैसा कुठून आणायचा? इचलकरंजी कोल्हापूरकडे बोट दाखवते, आणि तिच्या कापड-प्रक्रियेच्या सांडपाण्यासाठी शिरोळ तालुका तिच्याकडे. मग नोटिसा निघतात, त्यांना उत्तरं जातात, उत्तरांवर स्मरणपत्रं येतात. पत्रव्यवहाराची ही नदी मात्र बारमाही!

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. माणसं दगावली. ज्या गावात मी काही वर्षं नोकरी केली, यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांच्या घरी चहा घेतला, त्या घरांत तेव्हा पाणी उकळायला रॉकेल पुरत नव्हतं. दारात नदी असून गावाला पाण्यासाठी कृष्णेकडे जावं लागलं. दूधगंगेचं पाणी सुळकूडहून आणायची योजना निघाली, तेव्हा कागलकडच्या गावांनी विरोध केला. त्यांचा राग मला येत नाही. त्यांची शेतीही त्याच पाण्यावर आहे.

नवी इमारत मंजूर करताना नळजोडणीआधी गटार कुठे जोडलं ते तपासावं, आणि प्रत्येक गावाची वेगळी वही न ठेवता उगमापासून संगमापर्यंत नदीचं एकच खातं मांडावं, असं मला वाटतं. दोन शाखांमधला व्यवहार जुळत नसेल, तर फक्त आपली शाखा बरोबर म्हणून कुणी सुटत नसे. इथे सगळेच सुटतात.

नरसोबाच्या वाडीला पावसाळ्यात पाणी दत्तमंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडतं. त्यात स्नान करायला माणसं लांबून धावत येतात. आम्हीही गेलो होतो. सौ.ने तांब्या भरून घरी आणला, देव्हाऱ्यात ठेवला. नातीने हात पुढे केला, ‘आजी, तीर्थ दे ना.’

सौ.ने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून उकळून गार केलेल्या पाण्याचं भांडं घेऊन आली.