जन्मजात दुष्टांची यादी

कांहीं गृहस्थांचें असें म्हणणें आहे कीं, खेळांत नीतीचा विचार करणें म्हणजे गंजिफांच्या डावांत धर्मशास्त्र शोधणें होय. आमचें मत याच्या उलट आहे. ज्या खेळानें नीतीलाच आपल्या नियमांत ओढलें, त्याला तिच्याविषयीं जाब विचारणें अगदीं न्याय्य आहे.

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एक सूत्रधार, पात्रें घेतलेले चारसहा गडी, फांसे आणि एक कल्पित जग, एवढ्या सामग्रीवर तो चालतो. त्यांत प्रत्येक पात्राचा नैतिक पक्ष ठरलेला असतो. यासच ‘अलाइनमेंट’ म्हणतात. आरंभीं पक्ष तीनच होते : सुव्यवस्था, तटस्थता व अराजक. ही कल्पना पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या कथांवरून आली. १९७६ सालीं गायगॅक्स यांनीं तिला सुष्ट व दुष्ट असा दुसरा अक्ष जोडला, आणि १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकांत नऊ घरांचें कोष्टक कायम झालें.

हें कोष्टक टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कायदा पाळणारा मनुष्य दुष्ट असूं शकतो व नियम मोडणारा सज्जन, हें सत्य तें मुलांनाही सहज पटवून देतें. ‘पॅलाडिन’ नांवाच्या धर्मवीरानें दुष्कृत्य केलें तर त्याचें दैवी सामर्थ्य जात असे, या जुन्या नियमांत व्रताची खरी जाण होती.

बिघाड झाला तो निराळ्याच ठिकाणीं. माणसानें स्वतःसाठीं घ्यावयाचें व्रत राक्षसांच्या सूचींत जातीचें लक्षण होऊन बसलें. १९७७ च्या सूचींत ‘ऑर्क’ हे सुव्यवस्थित दुष्ट होते; २००० सालच्या आवृत्तींत तेच अराजकी दुष्ट झाले! दुष्टपणा कायम ठेवून बाकीचा स्वभाव छापखान्यांत बदलतां येतो, तर त्याला जन्मसिद्ध कसें म्हणावें? पुढें ‘बहुधा’ हा शब्द जोडण्यांत आला खरा. पण तरवार उपसतांना ‘बहुधा’ कोण वाचतो? खरें कारण एवढेंच कीं, ज्याला मारतांना मनाला टोंचणी लागूं नये, असा कोणी तरी खेळणारांस हवा असतो.

यावर प्रतिपक्षी म्हणतील, ऑर्क कल्पित. मग अपमान कोणाचा? ऑर्क कल्पित आहे, परंतु न्याय करण्याची ही रीत कल्पित नाहीं. याच देशांत १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती गुन्हेगार ठरविल्या आणि त्यांत जन्मलेलें मूल पाळण्यांतच संशयित झालें. १९५२ सालीं तो कायदा गेला. डाग अद्याप गेला नाहीं. ऑर्क व ‘ड्राउ’ यांचीं वर्णनें खऱ्या मानववंशांच्या निंदेची आठवण करून देतात, हें २०२० सालीं प्रकाशकांनींही कबूल केलें.

कोणी आर. ए. साल्वाटोर यांच्या ड्रिझ्टचा दाखला देतील. १९८८ पासून वाचकांचा आवडता असलेला हा वीर दुष्ट ड्राउ कुळांत जन्मून सज्जन झाला. पण एकाच्या कौतुकाखालीं बाकीची जात दुष्टच राहिली. प्रल्हादाचे गोडवे गातांना असुरकुळाविषयीं आपणही वेगळें काय केलें?

दुसरा पक्ष म्हणतो, कोष्टकच फाडून टाका. तेंही आम्हांस मान्य नाहीं. २००८ सालीं नवांचे पांच पक्ष करून पाहिले. २०१४ सालीं नऊ पुन्हां परत आले. चांगलें कोणतें व वाईट कोणतें, हा प्रश्न माणसाला खेळांतही सोडवत नाहीं, आणि सोडूंही नये.

आमचें मागणें साधें आहे. पक्ष व्यक्तीचा असावा, कुळाचा नसावा. तो कृतीनें ठरावा, जन्मानें नव्हे. २०२४ च्या पुस्तकांत खेळणारांस ऑर्काचें पात्र घेतां येतें, हें योग्य पाऊल आहे. ज्या घरांतील मुलें हा खेळ मांडतात, तेथील वडीलधाऱ्यांनीं तो बंद करूं नये. जवळ बसून एवढेंच विचारावें : ‘बाळ, ज्याला तूं मारलेंस, त्यानें केलें तरी काय होतें?’ या प्रश्नाला उत्तर देतां येईल असा डाव मुलांनीं खुशाल मांडावा.