उबदार आवाज लंडनहून मागवावा लागत नाही

"जिंदगीभर हम रेडिओ की घरघर निकालते रहे, और तू घरघर डालने आया?"

अमरावतीत इतवारा बाजाराजवळच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी पहिल्याच भेटीत मला हे विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. मला इलेक्ट्रिक गिटारसाठी फझ हवा होता, म्हणजे मुद्दाम आणलेली घरघर. तीही जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची, गिटारवाले जिला 'उबदार' म्हणतात ती.

गेल्या हिवाळ्यात चाचांचा इंतकाल झाला. चाळीस दिवस झाल्यावर मी दुकानाकडे गेलो, तर शटरवर मोबाईलच्या कव्हरांचा नवा बोर्ड होता. ट्रान्झिस्टरांनी भरलेले लाकडी खण घरच्यांनी किलोवर भंगारात दिले होते. त्याच आठवड्यात अकोल्याच्या एका मित्राने पंधरा-वीस हजारांचं परदेशी जर्मेनियम पेडल मोठ्या कौतुकाने दाखवलं आणि म्हणाला, "आपल्याकडे असलं काही मिळतच नाही ना."

माझं भांडण या दोन्ही गोष्टींशी आहे. दोन्हींचं मूळ एकच आहे, असं मला वाटतं.

आधी हा आवाज कुठून आला ते पाहू. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सिंगच्या यंत्राचा एक भाग बिघडला आणि बास गिटारचा आवाज फाटून आला. वाजवणाऱ्यांनी तो काढून टाकला नाही, गाण्यात ठेवला. लोकांना आवडला. मग तोच बिघाड डबीत भरून १९६२ मध्ये मेस्ट्रो फझ-टोन नावाने बाजारात आला. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यामुळे तो जगभर पोचला. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने गोल डबीतला फझ फेस काढला, दोनच ट्रान्झिस्टरांचा. जिमी हेंड्रिक्सचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. मित्राने मागवलेलं पेडल याच फझ फेसची नक्कल आहे.

आता आपल्याकडे या. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात १९६२ पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनू लागले. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत पहिली फझची डबी विकली गेली, त्याच वर्षी. आपल्या आजोबांच्या ट्रान्झिस्टर रेडिओत स्पीकरला जोर देणाऱ्या जागी एसी १२८ नावाचा, धातूच्या टोपीचा, तीन पायांचा भाग असायचा. बीईएलनेही तो बनवला. आणि फझ फेसच्या नकाशात बसवायला जगभरचे लोक आज जे ट्रान्झिस्टर शोधतात, त्यांत एसी १२८ चं नाव वरच्या रांगेत आहे. मित्र जे समुद्रापलीकडून मागवतो, ते वऱ्हाडातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी रेडिओ मिस्त्रीच्या खणात पडलेलं होतं. ज्या काळात रेडिओ ठेवायलाही पोस्टातून लायसन काढावं लागे, त्या काळापासून पडलेलं होतं.

पण नुसता भाग सापडून आवाज मिळत नाही. इथेच मिस्त्रीचं काम सुरू होतं, आणि इथेच 'आपल्याकडे मिळत नाही' म्हणणाऱ्यांचा अभ्यास संपतो.

मीही आधी चूक केली होती. एका दुकानातून टपालाने 'अस्सल' एसी १२८ मागवले. चाचांनी मीटर डायोडवर लावला, काट्याकडे पाहिलं आणि भाग माझ्या हातावर परत ठेवला. जर्मेनियमच्या जोडावर ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसायला हवेत. इथे ०.६ च्या वर दिसत होते. टोपीवर नाव जर्मेनियमचं, पोटात सिलिकॉन. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती ज्याला येत नाही तो 'अस्सल'चा शिक्का विकत घेतो.

मग त्यांनी आपला खण उपडा केला. एकतीस भाग निघाले. प्रत्येकाचे दोन आकडे पाहायचे होते, गेन आणि गळती. जर्मेनियम ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा प्रवाह गळू देतो. साध्या मीटरच्या खाचेत भाग खोचला, तर ही गळतीही गेनमध्ये धरली जाते आणि गळका भाग दमदार वाटतो. चाचा गळती वेगळी मोजून वजा करायचे. पहिल्या जागेसाठी सत्तर-ऐंशीच्या आसपास गेनचा, कमी गळतीचा भाग हवा. दुसऱ्या जागेसाठी शंभर-सव्वाशेचा. शिवाय भाग चिमटीत धरून ते काट्याकडे बघत. बोटांच्या उबेने काटा भराभर चढला, की म्हणत, "इसकू बुखार चढता. अकोला में नई चलेगा." एकतीसपैकी सहा भाग निवडले गेले.

अकोल्याचं नाव त्यांनी गमतीने घेतलं नव्हतं. जर्मेनियमची गळती तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की दुप्पट होते. पंचवीस अंशांना जो भाग शंभर मायक्रोअँपिअर गळतो, तो मे महिन्यात अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांना सुमारे चौपट गळेल. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला साडेचार व्होल्टच्या आसपास बसवलेला बिंदू घसरतो. सूर लांबत नाही, अडखळतो, तुटतो. लंडनच्या थंडीत ठरवलेले आकडे जसेच्या तसे उतरवून मोर्णेकाठी वाजवायला बसलात, तर हेच होणार. म्हणून चाचांनी ८.२ किलोओहमच्या ठरलेल्या रेझिस्टरच्या जागी प्रीसेट बसवला. उन्हाळ्यात पेचकसाने थोडं फिरवायचं आणि बिंदू परत जागेवर आणायचा. मित्राच्या महागड्या पेडलला ही सोय नाही. एप्रिलमध्येच त्याने मला फोन केला, "आवाज बसला रे."

उबदारपणाबद्दलही थोडं खरं बोलू. या मूलद्रव्यात जादू नाही. जर्मेनियम हळूहळू कापतो, लाटेच्या दोन्ही बाजू सारख्या कापत नाही, आणि वरचे टोकदार सूर थोडे गिळतो. त्यातून तो आवाज येतो. तोही भाग नीट निवडला आणि बिंदू नीट बसवला, तरच. पेडल गिटारच्या लगेच पुढे लावायचं, मध्ये दुसरी डबी नको. मग गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली आणला की घरघर निवळून स्वच्छ, गोल सूर निघतो. नीट बसलेल्या जर्मेनियम फझची ही खरी परीक्षा. एसी १२८ हा पीएनपी जातीचा असल्यामुळे बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडावं लागतं. म्हणून बाकीच्या पेडलांच्या सामाईक पुरवठ्यावर त्याला टांगू नये. हे सगळं मला कुठल्याही जाहिरातीने सांगितलं नाही. सातवी शिकलेल्या माणसाने सांगितलं.

आणि त्याच माणसाच्या कामाला आपण काय म्हणतो? जुगाड. तेच काम इंग्रजी नावाच्या डबीत आलं की 'हॅन्डमेड'. वऱ्हाडातल्या मिस्त्रीने भाग तासन्‌तास निवडला तर रिकामटेकडेपणा, परदेशातल्या कारागिराने निवडला तर साधना. भंगारवाला, पंक्चरवाला हे शब्द आज मुसलमानाला शिवी म्हणून फेकले जातात. फेकणाऱ्याच्या घरचा रेडिओ, पंखा, पंप, मिक्सर कोणाच्या टेबलावर बरा झाला, हे तो विसरतो. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं होतं, की मुसलमानांचा मोठा हिस्सा स्वतःच्या छोट्या कामधंद्यावर जगतो. तो आकडा आपण फक्त मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचला. त्यात किती विद्या आहे, हे कोणी मोजलं नाही.

पण दुसऱ्यांना बोलून मला थांबता येणार नाही. ते खण बाहेरच्यांनी विकले नाहीत. आपणच ती शिवी खरी मानली आहे. "कुछ भी बन, मिस्त्री मत बन" हे वाक्य माझ्या घरातही बोललं गेलं. मुलांनी शिकावं, नोकरी करावी, यात काहीच गैर नाही. पण बापाचं काम लाजेचं होतं असं शिकवून मुलाला मोठं करता येत नाही. मी स्वतः चाचांकडे चार वर्षं गेलो आणि त्यांचं एकही कोष्टक उतरवून घेतलं नाही. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी, असं म्हणत राहिलो. खणांच्या भंगारात माझाही वाटा आहे.

काही बिरादर विचारतील, गिटारीसाठी एवढा आटापिटा कशाला? गिटार वाजवावी की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. त्या वादात मला पडायचं नाही. हाताचा हुनर जपायला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सिलिकॉन स्वस्त, टिकाऊ, उन्हाला न घाबरणारा, मग जर्मेनियम हवाच कशाला? मान्य. मे महिन्यात अकोल्यात उघड्यावर वाजवायचं असेल तर सिलिकॉन घ्या, मीही घेतो. खुद्द फझ फेसही साठच्या दशकाच्या शेवटी सिलिकॉनवर गेला होता. पण ज्याला जर्मेनियमच हवा आहे आणि त्यासाठी जो पंधरा हजार मोजायला तयार आहे, त्याने आधी आपल्या गावातल्या जुन्या मिस्त्रीकडे जावं. दोनशे रुपये देऊन कामाला लावण्यासाठी नको. शेजारी स्टूल टाकून शिकण्यासाठी जावं, आणि त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा.

घरात बंद पडलेला जुना ट्रान्झिस्टर असेल, तर भंगारात द्यायच्या आधी मागचं झाकण उघडा. धातूच्या टोपीचे तीन पायांचे भाग दिसले तर काढून घ्या. डाग सोडवताना पाय चिमट्याने धरा, जर्मेनियमला कव्याची उष्णता सोसत नाही. प्रत्येक भागाचा गेन, गळती आणि मोजताना खोलीचं तापमान कागदावर लिहा. मिस्त्री अजून हयात असेल, तर तो कागद त्याला दाखवा.

माझ्याकडे चाचांनी निवडलेल्या सहांपैकी चार भाग उरले आहेत. दोन पेडलमध्ये आहेत. अकोल्याच्या मित्राला रविवारी घरी बोलावलंय. त्याच्या पेडलला प्रीसेट बसवून द्यायचा आहे.